घरात पारा सांडलाय, फरशीच्या सांध्यात गेलाय, प्लीज मदत करा (विटा, जि. सांगली)

नमस्कार, घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या. सासऱ्यांचं (आम्ही मामा म्हणतो) अख्खं आयुष्य गलाईत (सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात) गेलं, तिकडं तमिळनाडूत दुकान होतं, तीन वर्षांपूर्वी सगळं आवरून गावी आलेत. काल माळ्यावरची त्यांची पेटी काढली तर आत अत्तराची असते तसली छोटी बाटली, एवढीशी पण उचलताना दचकायलाच झालं इतकी जड, बूच सैल होतं ते निघालं आणि निम्मा पारा खाली. दुकानातल्या धुळीत, राखेत सोन्याचे कण असतात ते पकडायला पारा वापरायचे म्हणे.

खाली शहाबादी फरशी, जुनी, सांधे उघडे. थेंब असे पळाले की बोट लावलं की एकाचे चार. मला काही सुचलं नाही, मी केरसुणीनं सुपलीत भरला, वर पंखा चालू. नंतर बघते तर अंगठी एका बाजूनं पांढरी, चांदीसारखी, घासून पण जात नाही.

मामा म्हणतात काही होत नाही, अंगठी गॅसवर धर, पारा उडून जाईल, आम्ही जन्मभर तेच केलं. पण मी वाचलं की वाफच वाईट. घरात दीड वर्षाची मुलगी आहे, सगळीकडं रांगते, जे दिसेल ते तोंडात घालते.

आणि एक विचारायचंय, मामांचा हात थरथरतो. कपातला चहा बशीत सांडतो, सही करता येत नाही, रात्री झोप नाही, चिडचिड वाढलीय. आम्ही वय झालं म्हणून सोडून दिलं. याचा पाऱ्याशी संबंध असेल का? कालपासून तेच डोक्यात फिरतंय.

---

प्रतिसाद: ताई, मी केमिस्ट्री शिकवतो. आधी अंगठी गॅसवर अजिबात धरू नका!! पारा ३५७ अंशाला उकळतो, पण साध्या खोलीच्या तापमानाला पण त्याची वाफ होतच असते, रंग नाही, वास नाही, त्यामुळं कळत नाही. गिळलेला धातूचा पारा पोटातून फारसा रक्तात जात नाही, पण वाफ श्वासातून गेली तर बरीचशी फुप्फुसातून रक्तात उतरते, तिथून मेंदू आणि किडनीला. वाफ हवेपेक्षा जड, म्हणून रांगणाऱ्या मुलीला आधी दुसऱ्या घरी ठेवा.

पंखा बंद, आतलं दार बंद, बाहेरच्या खिडक्या उघड्या. परत झाडू नका, व्हॅक्यूम तर नाहीच. हातातलं सोनं काढून, ग्लोव्ह्ज घालून, अंधार करून टॉर्च जमिनीलगत आडवी धरा, बारीक थेंब चमकतात. जाड कार्डानं ढकलून ड्रॉपरनं घट्ट झाकणाच्या बरणीत घ्या, वर थोडं पाणी घाला. ॲल्युमिनियमचं भांडं नको, पारा ते खातो. उरलेले कण चिकटपट्टीनं. सांध्यांत गंधकाची पूड भरा, पारा धरून ठेवते, नंतर सांधे सिमेंटनं बुजवा. केरसुणी, सुपली, कालचे कपडे पिशवीत बांधून ठेवा, धुवायला टाकू नका. घंटागाडीत, मोरीत काही नको, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसात विचारा. थर्मामीटरमध्ये साधारण ग्रॅमभर असतो, तुमचा कितीतरी जास्त आहे, म्हणून हे आजच विचारा.

मामांचं म्हणाल तर थरथर, झोप न लागणं, चिडचिड ही पाऱ्याच्या जुन्या विषबाधेची लक्षणं आहेतच, पण दुसऱ्या आजारांत पण असतात. डॉक्टरांना गलाईचं काम स्पष्ट सांगा, आपणहून कुणी विचारत नाही. लघवीतल्या पाऱ्याची टेस्ट असते. फक्त एक लक्षात ठेवा, काम बंद होऊन तीन वर्षं झालीत, तेवढ्यात पारा अंगातून बराच निघून गेलेला असू शकतो, त्यामुळं रिपोर्ट नॉर्मल आला तरी तेवढ्यावर विषय संपवू नका.

---

धागाकर्ती: खूप खूप आभार दादा. मुलीला आईकडं पोचवलं, खोली बंद आहे, अंगठी डबीत बंद केलीय. मामांना सोमवारी मिरजेला नेतोय. ते गप्प आहेत, एवढंच म्हणाले की दुकानात भट्टीशेजारीच झोपायचो. ही लघवीची टेस्ट मिरजेत कुणी केलीय का? कुठल्या डॉक्टरला दाखवायचं, मेंदूच्या का किडनीच्या? कुणाच्या घरात गलाईवाले असतील आणि असा त्रास झाला असेल तर प्लीज लिहा.