मदत हवी आहे: क्रॉनबॅक अल्फा 0.16 आलाय, प्रबंध अडकला

अर्धविराम
मॅनेजमेंटचा रिसर्च मास्टर्स, शेवटचं सत्र. क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, 0.16 आला. निदान 0.7 लागतो ना? डेटा परत गोळा करायला वेळ नाही, सोमवारी गाईडना निकालांचं प्रकरण द्यायचंय. दोन दिवस याच आकड्यापुढे बसलेय. लवकर सांगा.

निळीशाई
कशाचा अल्फा? विधानं किती, भरली किती जणांनी, स्केल (मोजणीचा विधानसंच) कोणती?

अर्धविराम
वरिष्ठांवरचा विश्वास. आठ विधानं, 1 ते 5 लायकर्ट (1 पूर्ण असहमत, 5 पूर्ण सहमत), 112 कर्मचारी. स्केल तयार होती, तीच वापरली.

खोलपाणी
आकडे सोडा, मुलाखती घ्या. विश्वास आठ विधानांत मावत नाही. माझ्या प्रबंधात एक मॅनेजर तासभर गोड बोलला आणि रेकॉर्डर बंद केल्यावर खरं काय ते सांगितलं. प्रश्नावलीत हे कधीच आलं नसतं.

निळीशाई
रेकॉर्डर बंद झाल्यावरचं बोलणं वापरायला त्याची वेगळी संमती घेतलीत का? आणि सोमवारपर्यंत मुलाखती कशा होणार?

खोलपाणी
घेतली होती, लेखी. वेळेचं म्हणाल तर मुदतवाढ मागता येते. चुकीच्या पद्धतीला चिकटून राहण्यापेक्षा ते बरं.

वाटाड्या
नोकरीच करायची असेल तर एमबीए बरं. रिसर्च मास्टर्स मुख्यतः पीएचडीकडे जाणाऱ्यांसाठी. प्रवेश घेण्याआधी नीट विचार करा.

अर्धविराम
प्रवेश घेऊन दीड वर्ष झालं. कृपया अल्फाबद्दल सांगा.

निळीशाई
उलट्या अर्थाची विधानं आहेत का?

अर्धविराम
तिसरं आणि सातवं. तिसरं: ‘माझे वरिष्ठ दिलेला शब्द विसरतात.’

निळीशाई
त्यांचे गुण उलटवलेत? इथे 5 म्हणजे विश्वास कमी. प्रत्येक उत्तर 6 मधून वजा करा, म्हणजे 5 चा 1 होईल, 4 चा 2. मग अल्फा परत काढा.

आकडेमोड
0.7 ला देव करू नका. विधानं वाढवली की अल्फा फुगतो. एकच गोष्ट शब्द फिरवून आठदा विचारली तरी 0.95 येईल. सोबत ओमेगा (अल्फासारखाच विश्वासार्हतेचा दुसरा आकडा) द्या.

अर्धविराम
0.78 आला!! निळीशाई, खूप खूप आभार. आता पाचवं विधान काढलं तर 0.80 दाखवतंय. काढू?

निळीशाई
आधी ते इथे लिहा.

अर्धविराम
‘माझे वरिष्ठ माझं ऐकून घेतात आणि निर्णयात मला सामील करतात.’

निळीशाई
ही दोन विधानं झाली. ज्याचं ऐकतात पण ज्याला सामील करत नाहीत, त्याने खूण कुठे करायची? काढायचं तर या कारणाने काढा, अल्फा वाढतो म्हणून नको. पण तयार स्केलमध्ये असं विधान?

अर्धविराम
मूळ स्केलमध्ये वेगवेगळी होती. प्रश्नावली लांबत होती म्हणून मी जोडली.

निळीशाई
मग तुमची स्केल मूळ स्केल राहिली नाही. हा बदल पद्धतीच्या प्रकरणात लिहावाच लागेल. गाईडना माहीत आहे?

अर्धविराम
नाही. आज रात्रीच मेल करते.