प्रति: आधी आवाज थांबू देत, मग ट्रॉमाचं बघू
सायकोसिस (नसलेले आवाज ऐकू येणं, भ्रम होणं) असताना ट्रॉमा थेरपी, म्हणजे जुन्या आघातावरचे मानसोपचार, नकोच, जुनं उकरलं की पेशंट आणखी बिघडतो, हे वर लिहिलंय ते मला अजिबात पटलं नाही. नेदरलँड्समध्ये सायकोसिस आणि पीटीएसडी (आघातानंतर राहणारा मानसिक त्रास) दोन्ही असलेल्या १५५ जणांवर ट्रायल झाली, २०१५ ला छापून आली, ईएमडीआर (आघाताची आठवण काढताना डोळे इकडून तिकडे हलवायची थेरपी) किंवा प्रोलाँग्ड एक्स्पोजर (त्या आठवणींना पुन्हा पुन्हा सामोरं जायची थेरपी), दीड-दीड तासाची ८ सेशन्स, आधी स्टेबल करायचा वेगळा टप्पा नाही, थेट आठवणींवर काम, नेहमीची ट्रीटमेंट अर्थातच चालू. या थेरपीसाठी वेटिंग लिस्टवर ठेवलेल्यांपेक्षा पीटीएसडी बराच कमी झाला आणि त्रास वाढल्याचं दिसलं नाही. आत्महत्येचा तातडीचा धोका असलेले मात्र त्यात नव्हते, हे लक्षात घ्या.

माझ्या मावसभावाला येणारा आवाज लहानपणी त्याला मारणाऱ्या माणसाचाच, तेच शब्द, तसाच दम देणं, आणि फाइलमध्ये वर्षानुवर्षं नुसतं 'आवाज येतात', कुणाचा ते कुणी विचारलंच नाही.