मदत हवी आहे: हायड्रॉक्सीॲपॅटाइटच्या (हाडा-दातांतलं कॅल्शियम फॉस्फेट) गोळ्या भट्टीतून चांगल्या निघतात, चार दिवसांनी तडकतात

कृष्णाकाठ (सांगली):
37 ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड 500 मिली डिस्टिल्ड पाण्यात कालवून त्यात 29.4 ग्रॅम फॉस्फोरिक ॲसिड (बाटलीवर 85%) थेंबथेंब सोडलं. रात्रभर ठेवून गाळलं, 800 अंशांवर भाजलं, 13 मिमीच्या गोळ्या दाबून 1250 अंशांवर दोन तास ठेवल्या. निघतात तेव्हा बशीसारख्या खणखणतात. चौथ्या दिवशी कडेला केसाएवढी भेग, मग भेगेच्या ओठांवर पांढरी भुकटी. तापमान चढवायचा वेग 5 वरून 2 अंश प्रति मिनिट केला, तरी तेच. भट्टी तपासू की भुकटी?

अजिंक्यतारा (सातारा):
भुकटी. तापण्या-निवण्याचा तडा भट्टीतच जातो, चार दिवस थांबत नाही. तुमच्या गोळीत कळीचा चुना राहिलाय. पावसाळी हवेतली ओल पिऊन तो विरतो, आकारमान जवळपास दुप्पट होतं आणि गोळी आतून फाटते.

चूक ॲसिडच्या वजनात आहे. 0.5 मोल कॅल्शियमला 0.3 मोल ॲसिड लागतं, म्हणजे 29.4 ग्रॅम, पण शुद्ध. 85% वालं 34.6 ग्रॅम घ्यायला हवं. तुमचं कॅल्शियम-फॉस्फरस गुणोत्तर 1.67 ऐवजी 1.96 झालंय. ताजी भाजलेली गोळी कुटून त्यावर पाणी आणि फिनॉल्फ्थॅलिनचा (अल्कलीत गुलाबी होणारा दर्शक) थेंब टाका. गडद गुलाबी झालं तर चुना नक्की.

ॲसिड पातळ करून दीड-दोन तासांत सोडा, ढवळणं जोरात ठेवा. घाई केली की चुन्याच्या कणावर ॲपॅटाइटचं कवच बसतं आणि आतला चुना तसाच राहतो. शेवटी पीएच 9 च्या खाली जाऊ देऊ नका.

खोडशीचा बंधारा (कराड):
चुन्याची (कॅल्शियम हायड्रॉक्साइडची) बाटली जुनी असेल तर उलटी चूक होईल. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा कार्बोनेट होतो, कॅल्शियम कमी भरतं आणि भाजल्यावर बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट (कमी कॅल्शियमचं वेगळं संयुग) निघतं. थोडा चुना 1000 अंशांवर भाजून वजन करा. शुद्ध असेल तर घट 24.3%. जास्त आली तर कॅल्शियम कार्बोनेट 1000 अंशांवर तीन-चार तास भाजून, डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) निववून, 28 ग्रॅम ताजी कळी घ्या आणि पाण्यात जपून विरवा, फार तापते.

कृष्णाकाठ:
गडद गुलाबी आलं. उरलेल्या भाजलेल्या भुकटीत कमी पडलेलं ॲसिड आता मिसळलं तर?

अजिंक्यतारा:
नको. ॲसिड कणाच्या वरच्या थराशीच लागेल, गोळीत कुठे चुना तर कुठे फॉस्फेट जास्त. नवा घाणा घाला.