नव्या घराच्या मुख्य दाराला कोणतं कुलूप बसवलंत? अनुभव सांगा

ओसरी
परवा आईकडे माळा आवरताना साताऱ्याच्या घराची किल्ली हाती लागली. वीतभर लांब, लोखंडी, डोक्याला गोल कडी. घर विकून जमाना झाला, तिथे आता इमारत उभी आहे, पण आईने किल्ली कापडात गुंडाळून जपलेली. दोन फळ्यांचं सागवानी दार, बाहेरून कडी-कोयंडा, आतून भिंतीच्या खाचेत सरकणारा अडसर. आजोबा रात्री तो सरकवायचे तेव्हा माजघरापर्यंत घर्र आवाज यायचा, मगच आजी दिवा मालवायची.

हे सगळं वर आलं कारण पुढच्या महिन्यात नव्या फ्लॅटचा ताबा मिळतोय. बिल्डरने साधं मॉर्टाइज लॉक (दाराच्या पोटात बसणारं) दिलंय. नवऱ्याला बोटाच्या ठशावर उघडणारं हवंय. सासूबाईंचं म्हणणं, नाइट लॅच (दार ओढलं की आपोआप लागणारं) आणि गावाला जाताना वरून गोदरेजचं कुलूप, यापलीकडे काही लागत नाही. दुकानात गेलो तर त्याने समोर इतकी पत्रकं ठेवली की डोकं भणभणलं.

घरात सासूबाई (वय ७४, गुडघे दुखतात), दहावीतला मुलगा (किल्ल्या हरवण्यात तरबेज), सकाळी सातला येणाऱ्या स्वयंपाकाच्या मावशी, आणि दिवसभर ऑफिसात असणारे आम्ही दोघं. कंपन्यांची नावं नंतर बघू. तुमच्या दाराशी काय काय घडलं ते सांगा, त्यातूनच मला कळेल.

गुळपोळी
बॅटरी!! डिजिटल घेणार असाल तर आधी एवढंच डोक्यात ठेवा. आमच्याकडे चार पेन्सिल सेल लागतात. संपत आले की कुलूप टूं टूं करतं, आणि घरातल्या प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी बदलेल. पूर्ण मेलं तर बाहेरच्या बाजूला खाली दोन बारीक टोकं असतात, त्यांना ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवली की तेवढ्यापुरतं जागं होतं. ती चौकोनी बॅटरी शेजारच्या काकूंकडे ठेवलीये. सोबत येणारी साधी किल्लीसुद्धा त्यांच्याकडेच. बरेच जण ती किल्ली घरातल्याच कपाटात ठेवतात, मग तिचा उपयोग काय?
आणि रिचार्जवाले सेल घालू नका, ते १.२ व्होल्टचे असतात, कुलपाला अंदाज येत नाही. अल्कलाइनच.

सातारी कंदी
साताऱ्यात कुठे गं घर? माझं माहेर यादोगोपाळ पेठेत.

ओसरी
@सातारी कंदी, अय्या! आमचं शनिवार पेठेत. विपूत (विचारपूस) निरोप टाकते तुला.

देवरुखकर
आमच्या कोकणात कुलपाआधी दाराचं बोला. जून लागला की लाकूड फुगतं. दार चौकटीत अडकतं, बोल्ट समोरच्या पट्टीच्या भोकात बसत नाही. साध्या कुलपाला दार खांद्याने ढकलून किल्ली फिरवता येते. मोटरवाल्याला ते जमत नाही, तो अर्ध्यात थांबून बोंबलतो. चुलतभावाने हौसेने बसवलं, पहिल्याच पावसात काढलं.
सुताराला बोलावून लगेच रंधा मारून घेऊ नका. पावसात तासलं की उन्हाळ्यात फट पडते. खरी गोम अशी की पॉलिश करताना दाराच्या पुढच्या-मागच्या बाजू चकचकीत करतात आणि खालची कड तशीच कोरी ठेवतात, कारण ती कोणाला दिसत नाही. दमट हवा तिथूनच आत शिरते. दार बसवण्यापूर्वी सहाही बाजूंना हात मारून घ्या, वरची आणि खालची कडसुद्धा. सुतार कुरकुर करेल, उभं राहून करून घ्या.
बाकी फणस यंदा भरपूर आलेत, कोणी येणार असेल तर कळवा.

निळी_छत्री
फणसाला मी!! कापा की बरका?

देवरुखकर
दोन्ही. सांदणं करणार असलात तर बरका नेऊन ठेवा.

पेठेतला हार्डवेअरवाला
घरचं दुकान आहे, नाशिकला. आजोबांपासून कुलपं विकतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गिऱ्हाईक मध्ये आलं तर थांबेन.

दोन जाती समजून घ्या. लिव्हरचं कुलूप आणि पिनचं कुलूप. लिव्हरमध्ये आत पितळी पट्ट्या एकावर एक असतात, किल्लीने प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीवर उचलली तरच बोल्ट सरकतो. गोदरेजचं नवताल याच जातीचं, ६, ७, ८ लिव्हरमध्ये मिळतं. गोदरेजचा धंदाच मुळी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपांपासून सुरू झाला, कपाटं नि फ्रिज नंतरचे. पिनच्या कुलपात स्प्रिंगवर बसलेल्या बारीक पिना असतात. तुमच्या मॉर्टाइजचं सिलिंडर, म्हणजे किल्ली घालतो तो भाग, ते याच जातीचं. १८६० च्या दशकात अमेरिकेत लायनस येलने पेटंट घेतलेली रचना आजही जगभर चालते.

पण दुकानात येणारा प्रत्येक माणूस कुलपावर पैसे घालतो आणि चौकटीकडे बघत नाही. घरफोडीनंतर दार दुरुस्तीचं सामान न्यायला लोक येतात ना, त्यात कुलूप शाबूत आणि चौकट फाटलेली, असंच जास्त असतं. चौकटीवरची पट्टी, जिच्यात बोल्ट शिरतो, ती अर्ध्या इंचाच्या स्क्रूने ठोकलेली असते. एक पहार लावली की सुटली. तीन इंची स्क्रू मागून घ्या, चौकटीच्या आरपार भिंतीत गेले पाहिजेत. खर्च किरकोळ, फरक मोठा.

दुसरं, दाराची जाडी मोजा. मॉर्टाइजसाठी दाराच्या पोटात खोबण पाडतात. ३० मिलिमीटरच्या फ्लश डोअरमध्ये एवढी खोबण पाडली की दोन्ही बाजूंना पातळ पापुद्रे उरतात. दार ३५ च्या वर असेल तरच मॉर्टाइज, नाहीतर दारावर बाहेरून बसणारं रिम लॉक किंवा तीन बोल्टचं.

तिसरं, ताबा मिळाला की त्याच दिवशी सिलिंडर बदला. अख्खं कुलूप नको, फक्त सिलिंडर. एक स्क्रू काढला की बाहेर येतं. रंगारी, फरशीवाले, साइटवरचा माणूस, किती हातांतून त्या किल्ल्या गेल्या असतील देव जाणे.

गिऱ्हाईक आलं, बाकी नंतर.

मनीमाऊ७
@हार्डवेअरवाला, सिलिंडर वेगळं बदलता येतं हे आज कळलं. आम्ही चार वर्षं बिल्डरच्याच किल्लीवर राहतोय. उद्याच सुट्टी टाकते.

अंगणवाडी
ठशांबद्दल लिहिते. माझ्या आईचे ठसे कुठेच उमटत नाहीत. आयुष्यभर शेतात नि चुलीपाशी काम केलं, बोटांच्या रेषाच झिजल्या. रेशन दुकानातल्या मशीनवर दर महिन्याला हीच रड. मुलाने घराला बोटवालं कुलूप बसवलं. ती देवळातून यायची, बोट टेकवायची, लाल दिवा. पुसायची, परत टेकवायची, परत लाल. आम्ही कामावर. कोणाला फोन करून त्रास नको म्हणून जिन्यात बसून राहायची. आम्हाला हे शेजारणीकडून कळलं, आईने स्वतःहून कधीच सांगितलं नाही.
मग त्याच कुलपाला चालणारं कार्ड तिच्या बटव्याला शिवून दिलं. आता बटवा दाराला लावते आणि आत जाते. ओसरी, सासूबाईंना दुकानात घेऊन जा आणि त्यांचं बोट तिथेच लावून बघा. कणीक मळून आलेल्या हाताने, ओल्या हाताने, सगळ्या तऱ्हेने.

गुळपोळी
@अंगणवाडी, जिन्यात बसून राहायची हे वाचून पोटात तुटलं गं. बटव्याची युक्ती फार छान.

म्युनिकची मावशी
इकडे जर्मनीत फ्लॅटच्या दाराला बाहेरून मूठच असते, फिरत नाही. वाऱ्याने दार ओढलं गेलं की बाहेरचा माणूस बाहेरच. माझी मैत्रीण कचरा टाकायला खाली गेली, खिडकी उघडी होती, धाडकन दार बंद. रविवार, थंडी, अंगावर गाऊन. किल्लीवाला आला, दोन मिनिटांत दार उघडलं आणि कित्येक शे युरो घेऊन गेला. सुट्टीच्या दिवशी दर वेगळा. त्यामुळे इथे प्रत्येकाची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे असतेच. भारतातल्या नाइट लॅचचंही तसंच की.

चाळकरी
आमच्या चाळीत दिवसभर दार उघडंच असायचं. कुलूप लागायचं ते गणपतीला गावी जाताना. तेव्हा अख्ख्या मजल्याच्या किल्ल्या एका आजींकडे असायच्या, कमरेला जुडगा. त्या स्वतः कधी गावी जायच्या नाहीत.

नेवाशाची पोर
@चाळकरी, आमच्या तालुक्यात शनिशिंगणापूर. तिथे घरांना दारं-कुलपं लावत नाहीत, शनिदेव राखण करतो ही श्रद्धा. युको बँकेने २०११ मध्ये तिथे शाखा काढली तीही दाराला कुलूप न लावता, पेपरात आलं होतं. माझी मावशी तिथली. कुत्रं आत येऊ नये म्हणून रात्री फळी आडवी लावते, बस्स. ती आमच्याकडे नगरला आली की आमचं सेफ्टी डोअर, लॅच, वरची कडी बघून म्हणते, एवढ्या भीतीत झोप कशी लागते तुम्हाला?

आभाळमाया
विषय निघालाच आहे तर हे लिहायलाच हवं. तेव्हा आम्ही ठाण्यात सातव्या मजल्यावर. वहिनी समोरच्या घरी विरजण आणायला गेली, तेवढ्यात भाच्याने दार ढकललं. लॅच लागलं. मग त्याने लॅचवरची छोटी खिट्टीही खाली केली, रोज बाबांना करताना बघायचा ना. किल्ली फिरेना. वय तीन. आत गॅसवर कुकर.

वहिनीने उंबऱ्यापाशी आडवं होऊन दाराखालच्या फटीतून त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. फटीतून त्याची बोटं दिसत होती. आधी तो हसत होता, त्याला खेळ वाटला. कुकरची पहिली शिट्टी झाली तसा घाबरला आणि रडत आतल्या खोलीत गेला. मग नुसत्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. कोणीतरी १०१ लावला, कोणीतरी खाली पाइप गॅसचा व्हॉल्व्ह शोधायला पळालं. व्हॉल्व्ह बंद केला तेव्हा शिट्ट्या थांबल्या. अग्निशमनवाले वरच्या घराच्या गॅलरीतून दोर सोडून आत उतरले. पोरगं पलंगाखाली झोपलेलं सापडलं.

त्या दिवसापासून मी कोणालाही एकच विचारते. आतून हे कुलूप किल्लीशिवाय उघडतं का? अंधारात, धुरात, म्हाताऱ्या माणसाला, लहान मुलाला? काही कुलपांना आतूनही किल्ली लागते. चोराला अडवायला ते बरं वाटतं, पण आग लागली तर किल्ली शोधणार कुठे? आतून नुसती मूठ फिरवली की उघडलं पाहिजे. आणि लहान मूल असेल तर कडी त्याच्या हाताला पोचेल अशी लावू नका, बाहेरून उघडता येणार नाही अशी खिट्टी तर नकोच.

निळी_छत्री
बाप रे. काटा आला अंगावर. भाचा आता कसा आहे?

आभाळमाया
इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर :)

लेस्टरकर
ब्रिटनमध्ये विम्याच्या फॉर्मवरच विचारतात, मुख्य दाराला पाच लिव्हरचं मॉर्टाइज डेडलॉक (किल्लीनेच लागणारं) आहे का, बीएस ३६२१ या ब्रिटिश मानकाचं. नुसतं नाइट लॅच बहुतेक कंपन्यांना चालत नाही. आपल्याकडेही घराचा विमा काढला असेल तर चोरीच्या कलमात काय लिहिलंय ते वाचून ठेवा.

जास्वंदी
डिजिटल कुलूप घेतलंत तर मावशींना जो पिन (दार उघडायचा आकडी कोड) द्याल, त्याबद्दल. आम्ही कामाच्या ताईंना वेगळा पिन दिला, कारण चौघांचा एकच पिन असला की कोणी काम सोडलं तर सगळ्यांनी नवा पाठ करायचा. वेगळा असला की तेवढाच काढून टाकता येतो, आणि सकाळी ६ ते १० एवढाच चालेल असंही ठरवता येतं. सोय म्हणून उत्तम. पण ॲपमध्ये कोण किती वाजता आलं याची नोंद होते. एकदा नवरा सहज म्हणाला, आज उशीर झाला का, सव्वासात झालेले दिसतायत. ताईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, ताई, दार माझ्यावर नजर ठेवतं का?
मग मी बसून त्यांना ॲप दाखवलं. आमच्या सगळ्यांच्याही नोंदी दाखवल्या, मुलाच्या रात्री साडेअकराच्यासुद्धा. आता त्यांना काही वाटत नाही, उलट मुलाला त्याच दटावतात. पण हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या माणसाला न सांगता नोंद ठेवणं मला पटत नाही.

आणखी एक, लिफ्टपाशी कोणी उभं असेल तर खऱ्या पिनच्या आधी-नंतर वाटेल ते आकडे दाबले तरी बऱ्याच कुलपांत चालतं. मधे खरा पिन सलग आला की झालं. दुकानात विचारून घ्या.

पेठेतला हार्डवेअरवाला
परत आलो. @आभाळमाया शंभर टक्के बरोबर. मी आतून किल्ली लागणारं सिलिंडर फक्त दुकान-गोडाऊनसाठी देतो, घरासाठी देत नाही.
कुलपात खोबरेल, मशीनचं तेल घालू नका, धूळ चिकटते आणि पिना अडतात. पेन्सिलीच्या शिसाची पूड किल्लीला चोळा आणि दोन-चारदा फिरवा.

ओसरी
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. रात्री जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. आभाळमायाचा अनुभव वाचल्यावर नवऱ्याने दुकानदाराला फोन करून आतली मूठ कशी आहे तेच पहिल्यांदा विचारलं. सासूबाईंचं बोट उद्या दुकानात लावून बघतोय. नाही उमटलं तर कार्ड. दार मोजलं, ३८ मिलिमीटर भरलं. सिलिंडर ताब्याच्या दिवशीच बदलणार, तीन इंची स्क्रू यादीत लिहिलेत. आणि मावशींना पिन देताना नोंदीचं आधीच सांगणार.
@हार्डवेअरवाला, डावं दार-उजवं दार असं दुकानदार विचारत होता, ते कसं ओळखायचं?

पेठेतला हार्डवेअरवाला
बाहेर उभ्या राहा, दाराकडे तोंड करून. बिजागऱ्या डाव्या हाताला तर डावं, उजव्या हाताला तर उजवं. दार आत उघडतं की बाहेर तेही सांगा. काही कुलपांत जीभ उलटी करून बसवता येते, सगळ्यांत नाही. फोटो टाका, सांगतो.

मनीमाऊ७
सिलिंडर आणलं! बसवायला कोणी येईना, तर शेजारच्या आजोबांनीच बसवून दिलं. नव्या पाच किल्ल्या मिळाल्या, एक त्यांच्याकडे.

निळी_छत्री
सेफ्टी डोअरला जाळी कुठली लावावी? डास फार आहेत आमच्याकडे.

देवरुखकर
स्टीलची, बारीक. ॲल्युमिनियमची मांजर फाडतं. आणि फणस न्यायला कधी येताय ते कळवा, पिकायला लागलेत.