६० गाड्यांचं पार्किंग आणि २५० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर : सगळ्या गाड्या विजेवर गेल्या तर पुरेल का?

(ही चौघांची चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

तळघर

एका रहिवासी इमारतीच्या पार्किंगचं विजेचं नियोजन करायचं आहे. गाड्यांच्या जागा ६०. ट्रान्सफॉर्मर २५० केव्हीए (ही त्याची क्षमता, ढोबळमानाने किलोवॅटसारखीच), २३०/४०० व्होल्ट. संध्याकाळी ७ ते ११ या वेळात इमारतीचा स्वतःचा लोड १५० किलोवॅटपर्यंत चढतो, ११ नंतर ६० च्या आसपास उतरतो. आज विजेवरच्या गाड्या चारच आहेत, पण पुढेमागे साठच्या साठ तशा होतील असं धरून चालायचं आहे.

दोन तट पडलेत. पहिला म्हणतो, प्रत्येकी ७.४ किलोवॅटचा चार्जर, गुणिले ६०, म्हणजे ४४४ किलोवॅट. तेव्हा आधी नवा ट्रान्सफॉर्मर, मग बाकीचं. दुसरा म्हणतो, ज्याची गाडी त्याने आपल्या मीटरवरून वायर खाली आणावी आणि १६ अँपिअरचं सॉकेट लावावं, सामायिक खर्चाची भानगडच नको.

शिवाय एक शंका कायम निघते : एका इमारतीचं कसंही निभेल, पण अख्ख्या शहराने हेच केलं तर वीज येणार कुठून?

कोणाचं गणित चुकतंय?

तिसरा फेज

दोघांचंही. पहिला तट किलोवॅट मोजतो आणि युनिट विसरतो, दुसरा दोन्ही विसरतो.

आधी युनिट बघा, म्हणजे किलोवॅट गुणिले तास. दिवसाला ४० किमी धरले आणि किलोमीटरमागे ०.१६ युनिट, तर बॅटरीत ६.४ युनिट जायला हवीत. चार्जिंगमध्ये १०-१२ टक्के उष्णतेत जातात, म्हणजे भिंतीकडून ७.३ युनिट. साठ गाड्यांचे मिळून साधारण ४४० युनिट.

आता शिल्लक बघा. ट्रान्सफॉर्मरवर कायमची मर्यादा २०० किलोवॅट ठेवू. रात्री ११ ते सकाळी ६ इमारत ६० किलोवॅट घेते, उरले १४०. सात तासांचे ९८० युनिट. लागतात ४४०. म्हणजे निम्म्याहून कमी. संध्याकाळचे ५० किलोवॅट तर अजून हिशेबात धरलेच नाहीत.

मग ४४४ किलोवॅटची भीती कुठून येते? सगळे जण सातला घरी येऊन प्लग लावतात आणि सगळे चार्जर त्याच क्षणी पूर्ण ताकदीने सुरू होतात, या गृहीतकातून. मोकळं सोडलं तर साठच्या साठ नाहीत, पण बऱ्याच गाड्या खरंच एकदम सुरू होतील, आणि १५० किलोवॅटच्या डोक्यावर तेवढंच ओझं पुन्हा पडेल. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, लोड दुप्पट झाला की ती चौपट. आतला कागदी इन्सुलेशनचा थर ९८ अंश सेल्सिअसला अपेक्षित आयुष्य देतो; त्यापुढे साध्या कागदाचं झिजणं दर ६ अंशांना दुप्पट होत जातं. आजवर तो रात्री थंड व्हायचा. गाड्या आल्या की ती रात्रीची विश्रांतीही आपण काढून घेतो, म्हणून मर्यादा २५० ऐवजी २०० ला धरायची.

उपाय म्हणजे लोड वाटून देणं, आणि त्याची सोय चार्जरच्या प्लगमध्ये आधीपासून आहे. एसी चार्जर गाडीला १ किलोहर्ट्झचा पायलट सिग्नल देतो. त्या चौकोनी लहरीचा 'चालू' भाग १० टक्के असेल तर गाडी ६ अँपिअरच्या वर जाणार नाही, ५० टक्के असेल तर ३० अँपिअरपर्यंत. मधे प्रत्येक टक्क्याला ०.६ अँपिअर. मुख्य पुरवठ्यावर तिन्ही फेजना सीटी (करंट मोजणारी वेटोळी) बसवायचे, कंट्रोलरने दर काही सेकंदांनी शिल्लक मोजायची आणि चार्जरना नवा आकडा कळवायचा. लिफ्ट सुरू झाली की गाड्या आपोआप दबतात, थांबली की पुन्हा चढतात.

एक खाच आहे. ६ अँपिअरच्या खाली जाताच येत नाही. एका फेजवर ते १.४ किलोवॅट झाले. संध्याकाळच्या ५० किलोवॅटमध्ये ३५-३६ गाड्याच एका वेळी बसतील, बाकीच्यांना रांग. ही अदलाबदल १५ मिनिटांच्या आत करू नका. कॉन्टॅक्टर (चार्जरमधले विजेवर चालणारे स्विच) झिजतात, आणि काही गाड्या फार वेळा थांबवल्या की झोपी जातात त्या प्लग काढून लावेपर्यंत उठत नाहीत. तसंच ६ अँपिअरवर रात्रभर रेंगाळत ठेवण्यापेक्षा थोड्या गाड्यांना १६ अँपिअर देऊन लवकर मोकळं करणं बरं. चार्जिंग चालू असताना गाडीचे कंट्रोलर आणि पंप २००-३०० वॅट खातातच, १.४ किलोवॅटमधून ते गेले तर काय उरतं ते दिसतंच आहे.

गाठीची वायर

वरच्या हिशेबाशी सहमत. वायरिंगचं मी लिहितो, कारण आग लागते ती तिथे.

दुसऱ्या तटाच्या १६ अँपिअर सॉकेटबद्दल आधी. घरगुती सॉकेट इस्त्रीसाठी चालतं, कारण इस्त्री थर्मोस्टॅटवर बंद-चालू होते. गाडी आठ आठ तास एकसारखा करंट ओढते. सॉकेटची स्प्रिंग ढिली पडते, संपर्काचा रोध वाढतो, उष्णतेने ती आणखी ढिली होते, आणि एक दिवस प्लास्टिक वितळतं. सॉकेट वापरायचंच असेल तर औद्योगिक पिनचं घ्या आणि गाडीत १० अँपिअरची मर्यादा टाका. दुसरा तोटा, साठ मीटरवरून साठ वायरी खाली आल्या की एकूण लोड कोणालाच दिसत नाही. मग वाटून देणार कोण?

आता केबल. ३२ अँपिअरच्या चार्जरला ६ चौ. मिमी तांबं पुरतं असं सर्रास सांगतात. गरम होण्याच्या दृष्टीने बहुतेक ठिकाणी ते खरं आहे, व्होल्टेजच्या दृष्टीने नाही. ६ चौ. मिमी वायर गरम असताना जाऊन-येऊन दर मीटरला, दर अँपिअरला सुमारे ७.३ मिलिव्होल्ट खाते. ४० मीटर आणि ३२ अँपिअरला ९.३ व्होल्ट, म्हणजे ४ टक्के. १० चौ. मिमी घेतली तर ५.६ व्होल्ट, अडीच टक्क्यांच्या आत. पार्किंगमधली अंतरं मोजल्याशिवाय साइज ठरवू नका. त्याहून बरं म्हणजे मधोमध वितरण पेटी ठेवून शेवटचा टप्पा १५-२० मीटरमध्ये संपवायचा.

मुख्य फीडरला (पार्किंगला वीज आणणाऱ्या मुख्य लाइनला) साडेतीन कोअरची केबल घेऊ नका. तिचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, निम्म्या जाडीचा असतो. इथे बहुतेक गाड्या एका फेजवर चार्ज होणार, तीन फेज कधीच तंतोतंत सारखे राहणार नाहीत, आणि चार्जरमधून येणारा तिसरा हार्मोनिक (मूळच्या तिप्पट वारंवारतेचा करंट) न्यूट्रलमध्ये रद्द न होता तिन्ही फेजचा मिळून जमा होतो. पूर्ण जाडीचा न्यूट्रल असलेली चार कोअर घ्या. हा न्यूट्रल तुटला किंवा ढिला झाला तर एखाद्या फेजवर २३० ऐवजी ३०० च्या वर व्होल्टेज जाऊ शकतं, आणि त्या फेजवर जे जे असेल ते जळतं.

चार्जर तीन फेजचे लावणार असाल तर जोडणी फिरवत न्या : पहिल्याला १-२-३, दुसऱ्याला २-३-१, तिसऱ्याला ३-१-२. एका फेजची गाडी नेहमी चार्जरचा पहिला फेजच उचलते. सगळे चार्जर १-२-३ जोडले तर पहिला फेज तापतो आणि बाकीचे दोन रिकामे बसतात. ही चूक फार दिसते, आणि कोणाच्या लक्षात येत नाही, कारण फ्यूज एकच उडतो.

आरसीसीबी (गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) प्रत्येक चार्जरला स्वतंत्र, ३० मिलिअँपिअरचा. साधा एसी प्रकारचा नको. गाडीच्या चार्जरमध्ये बिघाड झाला तर डीसी गळती होऊ शकते, आणि ती आरसीसीबीच्या गाभ्याला संपृक्त करते. मग माणसाला झटका बसत असला तरी आरसीसीबी वीज तोडत नाही. एकतर बी प्रकारचा घ्या, नाहीतर ए प्रकारचा आणि चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसीला तोडणारी सोय. चार्जरच्या माहितीपत्रकात ही सोय लिहिलेली नसेल तर ती नाही असंच समजा.

शेवटचं म्हणजे स्क्रू. बारीक तारांची वायर असेल तर फेरूल (टोकावर चढवायची धातूची नळी) क्रिंप करून, म्हणजे दाबून, घाला, टर्मिनल टॉर्क स्क्रूड्रायव्हरने उत्पादकाने दिलेल्या आकड्यावर आवळा. तीन महिन्यांनी पूर्ण लोडवर थर्मल कॅमेरा फिरवा. शेजारच्यापेक्षा १५-२० अंश गरम दिसणारं टर्मिनल ढिलंच असतं.

शंकेखोर

इमारतीचं पटलं. पण शहराचा प्रश्न दोघांनीही टाळला.

माझा आक्षेप दोन ठिकाणी आहे. एक, वीज कोळशाची असेल तर हे सगळं कशासाठी? भिंतीकडून किलोमीटरमागे ०.१८ युनिट धरा. निव्वळ कोळशाच्या विजेला, वहनातली गळती धरून, युनिटमागे १ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. झाले १८० ग्रॅम. १०० किमीला ६ लिटर पेट्रोल पिणारी गाडी धुरांड्यातून १४० ग्रॅम सोडते, शुद्धीकरण-वाहतूक धरून १७० पर्यंत. फरक कुठे आहे? वर बॅटरी बनवतानाचे काही टन वेगळेच.

दोन, सगळ्यांकडे पार्किंग नसतं. रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांना आणि हमरस्त्यावरच्या प्रवाशांना फास्ट चार्जरच लागणार. १५० किलोवॅटचे सहा चार्जर म्हणजे ९०० किलोवॅट. एवढ्यासाठी उच्चदाबाची लाइन, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, आणि वर्षातले बरेच तास तो रिकामा. तिथे लोड वाटून देणार तरी काय? माणूस थांबलाच आहे वीस मिनिटांसाठी.

तिसरा फेज

कोळशाचा हिशेब बरोबर आहे, निव्वळ कोळशापुरता. शंभर टक्के कोळशावर हवामानाचा फायदा जवळपास शून्य, शहरातला धूर जातो एवढंच. पण वायूवरच्या आधुनिक केंद्राची वीज युनिटमागे ४०० ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे किलोमीटरला ७०-८० ग्रॅम. पाणी, वारा, सूर्य मिसळत गेले की आणखी खाली. पेट्रोलची गाडी पहिल्या दिवशी जे सोडते तेच शेवटच्या दिवशी सोडते. विजेची गाडी वीजकेंद्र सुधारलं की आपोआप सुधारते.

विजेच्या प्रमाणाचं बोलायचं तर वर्षाला १२,००० किमी चालणाऱ्या गाडीला सुमारे २,००० युनिट लागतात. १० लाख गाड्यांचे २०० कोटी युनिट. वर्षभर सरासरी काढली तर फक्त २३० मेगावॅट, एका मध्यम आकाराच्या केंद्राचा एक संच. त्याच १० लाख गाड्या ७.४ किलोवॅटने एकदम लागल्या तर ७,४०० मेगावॅट. सगळा वाद या दोन आकड्यांमधल्या अंतराचा आहे. नॉर्वेत २०२४ साली विकलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ-दशांश निव्वळ विजेवरच्या होत्या आणि तिथलं ग्रिड कोसळलं नाही. अर्थात त्यांच्याकडे जलविद्युत मुबलक आहे आणि घरं विजेवरच तापत असल्यामुळे जोडण्या मुळातच जाड आहेत. तेव्हा तो दाखला जसाच्या तसा उचलू नये.

आणि स्वस्त दराच्या वेळा जाहीर केल्या की झालं, असंही नाही. दर रात्री १२ ला उतरत असेल तर हजारो गाड्या १२ च्या ठोक्याला सुरू होतात आणि नवाच सुळका तयार होतो. ब्रिटनमध्ये २०२२ च्या जूनअखेरीपासून नव्या घरगुती चार्जरना १० मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक उशीर सक्तीचा केला, तो याचसाठी. तुमच्या कंट्रोलरमध्येही सुरुवात टप्प्याटप्प्याने करा.

फास्ट चार्जरबद्दल मात्र तुमचा मुद्दा मान्य. तिथे बॅटरीचा साठा लावतात, पण त्याची मर्यादा ओळखून. सहा जागा, तासाला प्रत्येकी दोन गाड्या, गाडीमागे ३० युनिट : ३६० युनिट, चार्जरची गळती धरून ३८०. जोडणी ३०० किलोवॅटची आणि साठा ३०० युनिटचा असेल तर दर तासाला ८० युनिट साठ्यातून जातील. सुट्टीच्या दिवशी साडेतीन-चार तासांत साठा रिता, मग सगळ्यांचा वेग एकदम पडणार. रोजच्या गर्दीला तो उत्तम, सलग दिवसभराच्या रांगेला नाही.

तळघर

दोन्ही तटांना हे छापून वाचायला देतो. दोन प्रश्न उरले. आत्ता चारच गाड्या आहेत, मग साठही चार्जर घ्यायचे का? आणि कंट्रोलरच बंद पडला तर?

गाठीची वायर

चार्जर चारच घ्या. पण फीडर, केबल ट्रे, वितरण पेट्या आणि भिंतीतली भोकं साठांच्या हिशेबाने एकदाच करा. पुन्हा पुन्हा उकरण्यात पैसे जातात, केबलच्या जाडीत त्या मानाने कमी. चार्जर ओसीपीपी (चार्जर आणि कंट्रोलर यांची सामायिक भाषा) बोलणारेच घ्या, म्हणजे पाचवा दुसऱ्या कंपनीचा आला तरी त्याच कंट्रोलरला जोडता येईल. तळघरात मोबाइलची रेंज भरवशाची नसते, म्हणून प्रत्येक जागेपर्यंत नेटवर्कची तारही आत्ताच ओढा, आणि कंट्रोलर इमारतीतच ठेवा, दूरच्या सर्व्हरवर नको.

संपर्क तुटला तर चार्जरने आपणहून किती करंटवर यायचं तो आकडा प्रत्येक चार्जरमध्ये आधीच भरायचा असतो. कारखान्यातून तो बऱ्याचदा ३२ अँपिअरच असतो, तो बदला. सगळ्यांना ६ भरलात तरी साठ गाड्यांचे ८३ किलोवॅट होतात, आणि संध्याकाळच्या १५० वर ते पडले की २३३. म्हणून निम्म्यांना ६ आणि निम्म्यांना शून्य भरा. मग एकदा मुद्दाम कंट्रोलरची तार उपसून मुख्य पॅनलवरचा अँमीटर बघा. ही चाचणी संध्याकाळी आठला करा, दुपारी नाही.