मदत हवी आहे: घरात कापूस भरलाय, धुराची भीती वाटते

यवतमाळजवळच्या खेड्यात राहतो. भाव वाढेल म्हणून मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलाय. शेजारीच फोमच्या गादीवर आई झोपते. परवा रात्री बोर्डातून ठिणगी पडली. जाळ नाहीच, कापूस आतल्या आत धुमसत राहिला. दार-खिडकी बंद. आईचं डोकं जड झालं, उलटी झाली. दवाखान्यात नेलं, आता बरी आहे, पण माझा जीव थाऱ्यावर नाही.

हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड जास्त तयार होतो, त्याला वासही नसतो. फोम जळला तर सायनाइडचा विषारी वायूही निघतो, हे माहीत आहे. मग अशा वेळी माणसं बाहेर काढून दार ओढून घ्यायचं की खिडक्या उघडायच्या? वारा लागून भडका उडेल का? अलार्म कोणता लावू? कापूस ठेवायला दुसरी जागा नाही.