कालव्याकाठची सायकलवाट: मागायची की गप्प बसायचं?

पॅनियरवाली (मुलुंड)

मुंबईतल्या सायकलवाल्यांनी एकत्र येऊन जलसंपदा खात्याकडे एकच मागणी लावून धरावी असं माझं मत आहे. कर्जतचा राजनाला कालवा, शहापूरकडचा भातसा कालवा, डहाणू-पालघरकडचे सूर्या प्रकल्पाचे कालवे, यांच्या काठचे सर्व्हिस रोड सायकलींसाठी अधिकृतपणे खुले करा. मोटारी आणि बाइक बंद.

गेल्या उन्हाळ्यात युरोपात पासाऊ ते व्हिएन्ना हा डॅन्यूब नदीकाठचा टप्पा केला, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. माझ्या पुढे सत्तरीच्या दोन आज्या गप्पा मारत चालल्या होत्या, मागे एक बाप पोराला ट्रेलरमध्ये बसवून येत होता. वाट सपाट, कारण पूर्वी काठावरून घोडे दोर ओढून होड्या प्रवाहाविरुद्ध नेत, त्यातल्या बऱ्याच वाटा आज सायकलींना मिळाल्या आहेत. फ्रान्समधल्या कनाल द्यु मिदीचंही तेच. १६८१ मध्ये पुरा झालेला, तूलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा २४० किलोमीटरचा कालवा. मालवाहतूक संपली, काठ सायकलवाल्यांच्या वाट्याला आला.

आपल्याकडे कालवे आहेत, काठाला रस्ताही आहे. आणि आपण करतो काय? पहाटे साडेतीनला उठून कंटेनरच्या शेजारून, जीव मुठीत धरून लोणावळा गाठतो आणि त्याला टूरिंग म्हणतो.

नाल्याकाठचा (कर्जत)

ताई, राजनाल्याचं पाणी कुठून येतं माहीत आहे ना? भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून वीज करून सुटलेलं पाणी आहे ते. त्याच्या जिवावर आम्ही उन्हाळी भात घेतो. म्हणजे तुमची सायकलची थंडी असते ना, तेव्हाच आमची लावणीची गडबड. त्या दिवसांत कॅनॉलच्या रस्त्यावर ट्रॅक्टर असतो, खताच्या गोण्या असतात, चिखल लागलेली माणसं असतात. मोटारी-बाइक बंद म्हणजे युरियाची गोणी मी कॅरिअरला बांधून नेऊ?

दुसरं. आमच्याकडे बोर्ड लागला की काय होतं ते आम्ही बघितलंय. आधी सायकल ट्रॅकचा बोर्ड, मग चहाची टपरी, मग टेंट, मग शनिवारी रात्री डीजे. गुंठ्याचा भाव वाढतो आणि पुतण्या विचारायला लागतो, काका, कधी विकायची. तुम्ही या. आलात तर आत्ताही पाणी पाजतोच. बोर्ड नको.

डबलसीट (डोंबिवली)

कर्जतच्या दादांना पूर्ण पाठिंबा. आणि मुलुंडकर ताईंनी आधी स्वतःच्या दारातलं बघावं. तानसा जलवाहिनीच्या कडेने मुलुंडपासून धारावीकडे ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक महापालिकेने जाहीर केला होता. पाइपलाइनलगतची दहा मीटर जागा मोकळी करायचा हायकोर्टाचा आदेश होता, पाण्याच्या सुरक्षेसाठी, ते एक वेळ समजू शकतो. पण तिथली कुटुंबं गेली कुठे? माहुलला, रिफायनऱ्यांच्या धुरात. आणि ती गेल्यावर त्या जागेची चित्रं काढली गेली ती हेल्मेट घातलेल्या आनंदी कुटुंबाची.

पवईचं तर आठवत असेलच. तलावाच्या काठाने, पाण्यात भराव टाकून ट्रॅक करायला घेतला. मे २०२२ मध्ये हायकोर्टाने तो बेकायदा ठरवला आणि टाकलेलं सगळं काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. मगरींचं नशीब चांगलं. बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) ट्रॅक बांधला होता, त्यावर गाड्या पार्क झाल्या. आपल्या यंत्रणेला 'शांत वाट' असं सांगितलं की तिला पेव्हर ब्लॉक, एलईडी आणि सेल्फी पॉइंट ऐकू येतं. मागूच नका. ज्याला वाट माहीत आहे त्याने जावं.

पॅनियरवाली

ज्याला माहीत आहे त्याने जावं, हे पुरुषांना परवडतं. एकटी बाई आडवाटेला लागली की चार ठिकाणी थांबवून विचारतात, कुठे चाललात, सोबत कोणी नाही का. रस्ता अधिकृत असला की निदान तिथे असण्याचं कारण सांगावं लागत नाही. तुमचं 'गुपित ठेवा' हे मला क्लबच्या मेंबरशिपसारखं वाटतं.

माहुलचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. पण राजनाल्यावरून कोणाला उठवा असं मी म्हटलेलंच नाही. आणि पेव्हर ब्लॉक कोणी मागितले? कनाल द्यु मिदीचा तूलूझजवळचा भाग डांबरी आहे, पुढे समुद्राकडे नुसती माती, खडी आणि झाडांची वर आलेली मुळं. तरी जगभरातून लोक येतात.

माजी शाखा अभियंता (ठाणे)

पाटबंधाऱ्यात नोकरी झाली म्हणून थोडं सांगतो. युरोपातला कालवा आणि आपला कालवा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तिकडचा होड्यांसाठी. त्यात पाणी जवळजवळ उभं असतं, चढ आला की लॉकगेट बांधून होडी पायरीपायरीने वर नेतात, आणि काठ ओढणाऱ्या घोड्यासाठी केलेला. आपला सिंचनाचा. पाणी गुरुत्वाने पुढे सरकलं पाहिजे म्हणून हजारो मीटरला एखादा मीटर इतकाच उतार देतो आणि डोंगराच्या कडेने समपातळी धरून, वळणं घेत नेतो. त्यामुळे सायकलला सपाट वाट मिळते हे बाईंचं बरोबर आहे. फक्त दोन गावांमधलं अंतर डांबरी रस्त्यापेक्षा बरंच वाढतं.

पण तो रस्ता तपासणीसाठी असतो. गाळ काढायला पोकलेन त्यावरूनच जातो, गळती लागली तर मुरमाचा डंपर त्यावरूनच. मोटारी अडवायला खांब रोवले तर तीही यंत्रं अडणार. आणि बऱ्याच ठिकाणी काठ म्हणजे मातीचा भराव. पुण्यात सप्टेंबर २०१८ मध्ये मुठा उजवा कालवा फुटला आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी घुसलं, तेव्हा कारण म्हणून उंदीर-घुशी-खेकड्यांपर्यंत चर्चा गेली होती. अशा भरावावर सुशोभीकरणाच्या नावाने खोदकाम होऊ नये. सायकलच्या वजनाने कालव्याला काहीही होत नाही. ठेकेदाराने होतं.

तरीवरचा (विलेपार्ले)

कालव्याच्या मागे कशाला लागायचं? भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्या नेणारी बोट) पकडा, सायकल आत, तासाभरात मांडवा. पुढे रेवदंडा, काशीद, मुरूड. आगरदांडा-दिघी तरीने (फेरीबोटीने) खाडी ओलांडा, दिवेआगर, श्रीवर्धन. बागमांडला-वेश्वी दुसरी तर, दाभोळ-धोपावे तिसरी, तवसाळ-जयगड चौथी. तिकीट काढायचं, सायकल रेलिंगला टेकवायची, वारा खात पाच-दहा मिनिटं बसायचं. डॅन्यूबवरही श्लोगेनच्या वळणाला सायकलवाल्यांसाठी छोट्या बोटी आहेतच, ताईंनी त्या पाहिल्या असतील.

जे करायचं ते लवकर करा. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे पूल या खाड्यांवर येऊ घातले आहेत. पूल झाले की या फेरीबोटी राहतील का, आणि त्या गावरस्त्यांवर किती गाड्या धावतील, विचार करा. मागणी करायचीच तर ही करा: पूल झाला तरी फेरीबोट बंद करू नका.

पॅनियरवाली

बोटी पाहिल्या, बसलेही. पण वेळास ते आंजर्ले मध्ये चढ किती आहेत? माझी आई पार्ल्यातच असते, बासष्टची आहे, सोसायटीच्या आवारात सायकल चालवते. तिला घेऊन जाता का त्या घाटाला?

तरीवरचा

काकूंना श्रीवर्धनपर्यंत नेतो. पुढे टेम्पो.

नकाशेवेडा (वसई)

मधला मार्ग आहे आणि तो फार स्वस्त आहे. बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांतात कोळशाच्या खाणी बंद पडत होत्या तेव्हा ह्यूगो बोलेन नावाच्या खाण अभियंत्याने एक युक्ती काढली. नवीन काही बांधण्याऐवजी असलेल्या शांत रस्त्यांच्या, कालव्याकाठच्या वाटांच्या प्रत्येक तिठ्याला एक आकडा दिला. घरून निघताना चिठ्ठीवर आकडे लिहायचे: १२, ४७, ४६, ९. प्रत्येक चौकात पुढच्या आकड्याचा बाण. १९९५ मध्ये हे जाळं सुरू झालं, मग सगळ्या नेदरलँड्सने उचललं. ट्रॅक नाही, रेलिंग नाही, कोणाची जमीन नाही. लोखंडी खांबावर एक पाटी.

कर्जत, वाडा, पालघर, वसईच्या गावरस्त्यांवर हे सहज होईल. आमच्याकडे केळीच्या बागांमधून जाणारे बावखलांच्या (छोट्या तळ्यांच्या) कडेचे रस्ते आहेत, रविवारी सकाळी चर्चची गर्दी सोडली तर कुत्रंही भुंकत नाही. पाटी नाही म्हणून मुंबईकर सरळ हायवेने पुढे निघून जातो.

डबलसीट

पाटी लागली की आठवड्यात तिच्यावर भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. आकडा १२ च्या जागी 'कार्यसम्राट'. सायकलवाला कार्यसम्राटाकडून डावीकडे वळणार.

नकाशेवेडा

मग रस्त्यावरच रंगवू. मैलाच्या दगडावर कोणी फ्लेक्स लावत नाही.

नाल्याकाठचा

आकड्यांना माझी हरकत नाही, पण गावच्या डांबरी रस्त्यांना लावा. कॅनॉलवर लावायचे असतील तर आधी ग्रामसभेत येऊन विचारा. २६ जानेवारीला असते. मुंबईत बसून आमच्या वाटेला नंबर देऊ नका. बाया कपडे धुतात तिथून कोणी फोटो काढत गेलं की घरी भांडणं आमच्यात होतात. हे तुमच्यापैकी एकानेही लिहिलं नाही.

पॅनियरवाली

येते ग्रामसभेला. फोटोचं लक्षात ठेवते. मोटारबंदी मात्र मी सोडलेली नाही. गावचे ट्रॅक्टर, टेम्पो, बाइक सोडून बाहेरच्या मोटारींना शनिवार-रविवार मनाई, एवढं तरी?

नाल्याकाठचा

फार्महाऊसवाल्यांच्या मोटारी बंद करणार असाल तर पहिली सही माझी.

डबलसीट

दादा, सहीआधी ती फार्महाऊसं कोणाकोणाच्या नावावर आहेत ते सात-बारावर बघून घ्या.